वाराला एक गोळी

खानापूर तालुक्यातल्या एका गावी राहणारी माझी आत्या सांधेदुखीने बेजार झाली, तेव्हा आम्ही तिला शहरातल्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर चांगले होते, हे आधीच सांगून ठेवते. त्यांनी तिची सुजलेली बोटे एकेक करून तपासली, रक्ताच्या चाचण्या करून घेतल्या, संधिवाताचे निदान केले आणि मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू केली. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर इंग्रजीत, घाईच्या आखूड अक्षरांत, तसे लिहिलेलेही होते. मी त्या दिवशी न्यायालयात होते आणि सोबत गेलेला भाचा गाडी लावण्यासाठी जागा शोधत होता. औषधाच्या दुकानातल्या मुलाने कागदी पाकिटावर कन्नडमध्ये ‘वारक्के ओंदु’ असे लिहिले. आत्याला कन्नड वाचता येत नाही हे ध्यानात येताच त्याने सौजन्याने तेच मोडक्या मराठीत सांगितले : ‘वाराला एक, अज्जी.’

नवव्या-दहाव्या दिवशी आत्याच्या तोंडात व्रण उठले. घास गिळवेना, ताप उतरेना. रुग्णालयात दाखल केले तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली गेल्या होत्या. उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड दिले गेले आणि बारा दिवसांनी ती घरी आली. मी तिला विचारले, ‘आत्या, रोज घेतलीस का गं गोळी?’ ती म्हणाली, ‘वाराला एक म्हटला की गं त्यो. सोमवारला एक, मंगळवारला एक. एक वार चुकवला न्हाई मी.’

तीस वर्षांच्या वकिलीत अनेक साक्षी नोंदवल्या आहेत. इतकी प्रामाणिक साक्ष क्वचित ऐकली. सवयीने मी मनातल्या मनात फिर्यादीचा मसुदाही करू लागले आणि पहिल्याच परिच्छेदाशी अडखळले. प्रतिवादी कोण? डॉक्टरांनी योग्य औषध योग्य प्रमाणात लिहिले होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीचा, म्हणजे १९४५ च्या नियमांचा, पासष्टावा नियम सांगतो की चिठ्ठी लेखी असावी, तीवर सही व तारीख असावी, रुग्णाचे नाव-पत्ता असावा, औषध एकूण किती द्यायचे आणि एका वेळी किती घ्यायचे हे नमूद असावे. ते सारे त्या चिठ्ठीवर होते. दुकानातल्या मुलाने चिठ्ठीप्रमाणेच औषध दिले आणि आपल्या राज्याच्या भाषेत अचूक सूचनाही लिहिली. आत्याने ऐकले ते अक्षरशः पाळले. कुणाचाच दोष नाही, आणि तरीही एक बाई मरणाच्या दारातून परत आली. दोष होता तो दोन भाषांमध्ये सारख्याच ऐकू येणाऱ्या एका दोन अक्षरी शब्दाचा, आणि त्या शब्दावर पहारा ठेवण्याची गरज ज्यांना कधी वाटली नाही त्या व्यवस्थेचा.

हा ‘वार’ शब्द पाहा. मराठीत वार म्हणजे आठवड्यातला एक दिवस. (वार म्हणजे शस्त्राचा घाव, वार म्हणजे नऊवार लुगड्याचे माप आणि प्रसूतीनंतर पडते तीही वारच, पण ते अर्थ येथे बाजूला ठेवू.) ‘आज वार कोणता?’ असे आपण विचारतो. कन्नडमध्ये सोमवार-मंगळवारातला वार हाच असला तरी सुटा ‘वार’ म्हणजे सबंध आठवडा. ‘वारक्के ओंदु’ म्हणजे आठवड्याला एक. तेलुगूतही ‘वारम्’ म्हणजे आठवडा, तेव्हा हैदराबादेतल्या मराठी घरात हाच घोटाळा जसाच्या तसा घडू शकतो. बडोद्याला जा, तेथे गुजरातीत ‘वार’ म्हणजे खेप. ‘दिवसमां बे वार’ म्हणजे दिवसातून दोनदा. एकच संस्कृतोद्भव शब्द, आणि मराठी माणूस महाराष्ट्राच्या कोणत्या शिवेवर राहतो यावर त्याचा अर्थ दिवस, आठवडा किंवा खेप असा बदलतो. शेजारच्या भाषा आपल्याला परक्या वाटतात तेव्हा आपण सावध असतो, पुन्हा विचारतो. त्या ओळखीच्या वाटतात तेव्हाच खरा धोका असतो, कारण ‘समजले’ असे मनाला वाटते आणि प्रश्न विचारलाच जात नाही.

आणखी दोन उदाहरणे देते. कन्नडमध्ये गोळीला ‘मात्रे’ म्हणतात. मराठीत मात्रा म्हणजे औषधाचे एका वेळचे प्रमाण, किंवा आजी सहाणेवर उगाळून बाळाला चाटवते ती. ‘एरडु मात्रे’ हे दोन गोळ्या आहेत की दोन मात्रा, म्हणजे दोनदा घ्यायचे आहे, हे अर्धवट कन्नड जाणणाऱ्या मराठी माणसाला कसे कळावे? दुसरा शब्द ‘खाली’. कन्नडमध्ये ‘खाली होट्टे’ म्हणजे रिकामे पोट. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदीत ‘खाली पेट’, आणि हैदराबादच्या दखनीतही तेच. मराठीत मात्र खाली म्हणजे तळाशी, वर नव्हे ते. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी घ्यायची असते. अन्नाबरोबर घेतली तर तिचे शोषण घटते. ‘खाली होट्टे’ची गोळी म्हणजे ओटीपोटाच्या दुखण्याची गोळी असे समजून ती दुखेल तेव्हाच घेणारी एक पक्षकार मला ठाऊक आहे. ती बाई अडाणी नव्हे. आपल्या भाषेच्या नियमांनी तिने अर्थ लावला, आणि तो तिच्या भाषेत बरोबरच होता.

यावर दोन बाजूंनी उत्तरे येतात. पहिले उत्तर कर्नाटकातल्या काही मित्रांचे : ‘इतकी वर्षे येथे राहता, कन्नड शिका.’ मी शिकले आहे. कनिष्ठ न्यायालयात कन्नडमध्ये युक्तिवाद करते आणि माझी मुले कन्नड वर्तमानपत्र वाचतात. राज्याची भाषा शिकणे हा नागरिकाचा व्यवहार आहे आणि त्याला माझी कधीच हरकत नव्हती. परंतु भाषेची परीक्षा घेण्याची जागा शाळा आहे, रुग्णशय्या नव्हे. सत्तरीतल्या बाईने कन्नड न शिकण्याची शिक्षा रक्तपेशींनी भोगावी असा दंडक कोणत्या संहितेत आहे? शिवाय बेळगावच्याच रुग्णालयात कोकणातून, चंदगडहून, सावंतवाडीहून रुग्ण येतात. ते तर कर्नाटकाचे रहिवासीही नाहीत. उलट मिरजेच्या रुग्णालयांत उत्तर कर्नाटकातून कन्नड रुग्ण कित्येक पिढ्या येत आहेत. त्यांच्या पाकिटावर मराठीत ‘आठवड्यातून एकदा’ असे लिहून भागणार नाही. माझा युक्तिवाद त्यांच्यासाठीही तितकाच आहे, आणि तो तसा नसेल तर त्याला युक्तिवाद म्हणू नये.

दुसरे उत्तर सुशिक्षितांचे, आणि ते जास्त चीड आणते : ‘निदान औषधात तरी भाषावाद आणू नका.’ जणू औषधात आज भाषाच नाही! औषधाच्या पट्टीवर अथपासून इतिपर्यंत भाषा आहे, फक्त ती रुग्णाची नाही. काही प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे यांसाठी एच-वन नावाची अनुसूची २०१४ पासून लागू झाली. त्या औषधांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापावा लागतो की वैद्यकीय सल्ल्याविना हे औषध घेणे धोक्याचे आहे. इशारा कडक आहे, चौकट ठसठशीत आहे, आणि मजकूर इंग्रजीत. सल्ल्याविना औषध घेण्याचा संभव ज्याच्या बाबतीत सर्वांत अधिक, त्यालाच तो वाचता येत नाही. विहिरीच्या कठड्यावर ‘सावधान’ असे लॅटिनमध्ये कोरून ठेवण्यासारखे हे आहे. आणि लॅटिनचे म्हणाल तर चिठ्ठीवर तीही आहेच : ओडी, बीडी, टीडीएस, एचएस ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. आम्हा वकिलांना टीडीएस म्हटले की आयकर आठवतो. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा डोळा. भाषावाद नको म्हणणाऱ्यांनी आधी ही मृत भाषा रुग्णालयातून बाहेर काढावी, मग जिवंत भाषांना दार बंद करावे.

‘बारा भाषांत छापणे अशक्य आहे’ असेही सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांना मी शेतावरच्या खोपटात घेऊन जाऊ इच्छिते. तेथे कीटकनाशकाच्या डब्याबरोबर आलेले घडीपत्रक खुंटीला अडकवलेले असते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लेबल व पत्रक हिंदी, इंग्रजी आणि माल विकला जाईल त्या भागातल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत छापणे बंधनकारक आहे. निरक्षरासाठी रंगीत त्रिकोण आहेत : अतिजहालास लाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्या पत्रकात मराठी असते, कन्नड असते, आणि अक्षर बारीक असले तरी मजकूर असतो. म्हणजे उसावर फवारायचे विष किती पाण्यात किती मिसळावे हे शासन शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगते, आणि तोच शेतकरी संध्याकाळी रक्तदाबाची गोळी घेतो तेव्हा ती किती घ्यावी हे त्याच्या भाषेत सांगण्याची सक्ती मात्र कोणत्याच नियमात नाही. किडीच्या औषधाचा डोस मराठीत आणि माणसाच्या औषधाचा इंग्रजीत, हा भेद कोणत्या तत्त्वावर टिकतो?

याहून विचित्र भेद दुसरा आहे. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार ज्या माणसावर नव्या औषधाची चाचणी घ्यायची त्याला द्यावयाची माहिती तांत्रिक नसलेल्या व त्याला समजेल अशा भाषेत असली पाहिजे. हा नियम उत्तम आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की औषध प्रयोगावस्थेत असेतो माणसाला त्याच्या भाषेचा हक्क आहे, आणि तेच औषध बाजारात येऊन त्याने स्वतःच्या पैशांनी विकत घेतले की तो हक्क संपतो. प्रयोगाच्या विषयाला जो मान मिळतो, तो रुग्णाला मिळू नये?

सर्वोच्च न्यायालयाला हे वास्तव अपरिचित नाही. ‘कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स’ या २००१ च्या निकालात वाद होता दोन औषधांच्या नावांतील साम्याचा : फाल्सिगो आणि फाल्सिटॅब. दोन्ही हिवतापाच्या एका जीवघेण्या प्रकारावरची औषधे. न्यायालयाने म्हटले की औषधांच्या बाबतीत नावांचा गोंधळ इतर मालाच्या गोंधळासारखा मानता येणार नाही, कारण येथे चूक प्राणावर बेतते; म्हणून निकष अधिक कडक हवा. पुढे न्यायालयाने हेही नोंदवले की या देशाची एकच एक समान भाषा नाही, पुष्कळ लोक निरक्षर आहेत आणि इंग्रजी जाणणारे थोडे, तेव्हा इंग्लंडमधले ग्राहकाच्या समजुतीचे निकष येथे जसेच्या तसे लावणे म्हणजे जमिनीवरच्या वास्तवाकडे डोळेझाक करणे होय. हे तत्त्व दोन कंपन्यांच्या व्यापारचिन्हांच्या भांडणात मांडले गेले. दोन व्यापाऱ्यांच्या नफ्याचा प्रश्न आला तेव्हा इंग्रजी न जाणणारा रुग्ण न्यायालयाला दिसला, आणि त्याचे रक्षण हे कडक निकषाचे कारण ठरले. मग नाव वाचता न येणाऱ्या त्याच रुग्णाला ‘किती’ आणि ‘केव्हा’ हेही वाचता येत नाही, एवढाच पुढचा पाय टाकायचा उरतो. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सुवाच्य चिठ्ठी हा अनुच्छेद २१ खालील आरोग्याच्या हक्काचा भाग मानला. सुवाच्य म्हणजे वाचता येण्याजोगी. कुणाला वाचता येण्याजोगी, हा प्रश्न आता कुणीतरी विचारला पाहिजे.

युरोपात कायदाच असा आहे की औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर त्या त्या सदस्य राष्ट्राच्या अधिकृत भाषेत असावा, आणि औषधाचे नाव अंधांसाठी ब्रेलमध्येही. एवढे असूनही मेथोट्रेक्सेट रोज घेण्याच्या चुका तेथे थांबल्या नाहीत. म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये आणखी उपाय सुचवले : वेष्टनावर ठळक इशारा, रुग्णाजवळ ठेवायचे कार्ड, गोळ्या सुट्या बाटलीत न देता पट्टीत. स्वतःची भाषा बोलणाऱ्या, साक्षर रुग्णालाही या गोळीपासून जपावे लागते. आपल्याकडे तर तिन्ही भाषांचा काला झालेला आहे. कॅलिफोर्नियात २०१६ पासून औषध-दुकानदाराने मागणी झाल्यास स्पॅनिश, चिनी, कोरियन, रशियन व व्हिएतनामी या पाच भाषांत सूचना भाषांतरित करून द्यावी लागते, आणि त्यासाठी ठराविक वाक्यांची तयार भाषांतरे तेथल्या औषधनिर्माण मंडळाने उपलब्ध करून ठेवली आहेत. स्पॅनिशात ‘ओन्से’ म्हणजे अकरा, आणि इंग्रजीत ‘एकदा’ या अर्थाचा जो शब्द आहे त्याची अक्षरे नेमकी तीच. दिवसातून एकदा घ्यायची गोळी अकरा वेळा! आपला ‘वार’ एकटा नाही, त्याला सातासमुद्रापलीकडे भाऊ आहेत.

आता आपल्या घराकडे वळते, आणि येथे काही स्नेह्यांना राग येईल. सीमाभागातली आपली चळवळ १९५६ पासून चालू आहे. महाजन आयोगाचा अहवाल येऊन गेला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. या सर्व काळात आपण दुकानाच्या पाटीसाठी भांडलो, बसच्या फलकासाठी, सातबाराच्या उताऱ्यासाठी, शाळेसाठी भांडलो. त्यातल्या अनेक लढ्यांत मी वकीलपत्र घेतले आहे आणि त्याचा मला संकोच नाही. पण औषधाच्या पाकिटासाठी एकही मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. पाटी दिसते, तिचे छायाचित्र निघते, तिला काळे फासता येते. आत्याच्या उशाखालचे पाकीट कुणाला दिसत नाही. आणि ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आपण भांडतो तेथे तरी पट्टीवर मराठी आहे काय? सांगलीच्या दुकानात, पुण्याच्या दुकानात, तीच इंग्रजी पट्टी कात्रीने कापून, नाव एकाकडे आणि मुदतीची तारीख दुसऱ्याकडे अशी देतात. फरक इतकाच की तेथे ‘वाराला एक’ असे कुणी म्हणत नाही.

दुसरे टोकही गाठायला नको. २०२२ मध्ये भोपाळात हिंदीतील वैद्यकीय पाठ्यपुस्तकांचे प्रकाशन झाले, त्या सुमारास तेथल्या मुख्यमंत्र्यांनी डॉक्टरांना सुचवले की चिठ्ठीवर वर ‘श्री हरि’ लिहावे आणि खाली औषधांची नावे हिंदीत. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी वाचकांना ते आठवत असेल. कर्नाटकात २०२४ मध्ये कन्नड विकास प्राधिकरणाने सरकारी डॉक्टरांनी चिठ्ठ्या कन्नडमध्ये लिहाव्यात अशी मागणी आरोग्यमंत्र्यांकडे केली. मराठीसाठी अशी मागणी उद्या आपल्यातला कुणी करील म्हणून आत्ताच विरोध नोंदवून ठेवते. चिठ्ठीचे वाचक दोन असतात. औषधाचे नाव व शक्ती हा मजकूर औषधनिर्मात्यासाठी आहे. तो पट्टीवरच्या अक्षरांशी अक्षरशः जुळला पाहिजे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती करून मूळ नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावीत असे सांगितले ते योग्यच आहे. ती नावे देवनागरीत उतरवली की ऱ्हस्व-दीर्घाचे, ‘ॲ’ आणि ‘अ’चे नवे घोटाळे सुरू होतील, आणि बदली होऊन आलेला औषधनिर्माता ती वाचणार कशी? दुसरा मजकूर, म्हणजे किती, केव्हा, कशाबरोबर, किती दिवस, हा रुग्णासाठी आहे. तो रुग्णाच्याच भाषेत हवा. एक कागद, दोन वाचक, दोन भाषा. यात अस्मितेचा विजय कुणाचाच नाही, म्हणूनच कदाचित या मागणीला अजून पुढारी मिळालेला नाही.

आणि रुग्णाची भाषा म्हणजे परिभाषा कोशाची भाषा नव्हे. ‘रिक्तोदर सेवन करावे’ असे छापले तर आत्या ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवील. ‘सकाळी उठल्यावर अनशापोटी, चहाच्याही आधी’ असे लिहावे लागेल, कारण आपल्याकडे चहाने पोट भरते असे कुणी मानत नाही. ‘जेवणानंतर’ हा शब्द सोपा वाटतो; पण एकादशीला जेवण नसते, फराळ असतो. ‘आज जेवण नाही, म्हणून गोळी नाही’ असे म्हणणारे रुग्ण आहेत, आणि याच्या उलट ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घड्याळाप्रमाणे घेऊन निर्जळी उपवास करणारेही आहेत. ते दुपारी घेरी येऊन पडतात. तेथे ‘उपवासाच्या दिवशी ही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा’ हे एक वाक्य मराठी घरासाठीच लिहावे लागेल. इंग्रजी लेबलाचे शब्दशः भाषांतर करणाऱ्याला ते सुचणारच नाही.

चमच्याचे तर विचारूच नका. वैद्यकाचा लहान चमचा पाच मिलिलिटरचा आणि मोठा पंधराचा. आपल्या स्वयंपाकघरात चहाचा चमचा आहे, पोह्याचा आहे, डाव आहे, आणि यांतला एकही मापाचा नाही. पॅरासिटामॉल हे तापाचे औषध लहान मुलांसाठी पातळ रूपात मिळते. एका बाटलीत पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, दुसरीत पाचला २५०, आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरला १००. मुलाच्या वजनाच्या दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम हे सर्वमान्य प्रमाण. आठ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम पुरेत. आता थेंबांच्या बाटलीतले औषध कुणी ‘एक चमचा’ पाजले, तर पोटात ५०० मिलिग्रॅम गेले, चौपट ते सहापट. यकृतावर हा मारा होतो. दोन्ही बाटल्यांवर चित्र हसऱ्या बाळाचेच असते. ‘हे थेंबांचे औषध आहे, चमच्याने देऊ नका, सोबतच्या नळीनेच द्या’ असे मराठीत बाटलीवर चिकटवायला कागदाचा एक कपटा लागतो.

असे कपटे किती लागतील, याचा मी अंदाज घेतला. नेहमीच्या सूचना पन्नास-साठ वाक्यांत बसतात. ‘आठवड्यातून एकदाच, फक्त या वारी’ आणि पुढे रिकामी जागा, जेथे दुकानदाराने ‘सोमवार’ असे भरायचे. तेथे ‘वार’ शब्द एकटा सोडायचा नाही, दिवसाचे पूर्ण नाव लिहायचे, आणि कन्नड वाक्य शेजारी ठेवायचे, म्हणजे देणाऱ्यालाही आपण काय चिकटवले ते कळेल. २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे काम ठरवलेलेच आहे. त्याला साधन नको काय? राज्य मराठी विकास संस्थेने मनावर घेतले तर महिन्याभरात ही वाक्ये तयार होतील, पण त्यांत दोन परिचारिका आणि एक आजी बसवावी एवढी अट आहे.

कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत माहिती रुग्णाला समजेल अशा पातळीवर व त्याला येत असलेल्या भाषेत मिळावी असे म्हटले आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांत, ज्या जिल्ह्यात अथवा तालुक्यात त्यांची संख्या १५ टक्के वा अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात असे १९६१ पासून ठरलेले आहे. खानापूर आणि बेळगाव तालुके ती अट ओलांडून कितीतरी पुढे आहेत. सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर मिळणारी सूचना महत्त्वाची नाही असे कोणता अधिकारी लेखी देईल? आणि अनुच्छेद ३५० प्रमाणे तक्रारीचे निवेदन संघात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते, तेव्हा अर्ज मराठीतच द्यावा.

जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांना आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना द्यावयाच्या अर्जाचा मसुदा मी केला आहे. त्याला जोडायला मला पाकिटे हवी आहेत. बेळगाव, निपाणी, बिदर, हैदराबाद, बडोदा, इंदूर, जेथून जमेल तेथून आपल्या घरातली औषधाची पाकिटे, नाव-पत्ता खोडून, छायाचित्र काढून पाठवा आणि खाली एवढेच लिहा की त्यावर काय लिहिले होते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याचा अर्थ काय घेतला. पहिले पाकीट आत्याचे आहे. ते तिने अजून जपून ठेवले आहे, आणि त्यावर प्रत्येक घेतलेल्या गोळीसाठी पेन्सिलीने एक उभी रेघ आहे. रेघा नऊ आहेत.